सावरणीबेन

आमच्या कंपनीत त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळे त्यांना सावरणीबेन म्हणत. सावरणी म्हणजे गुजरातीत केरसुणी. हे नाव त्यांच्या कानावर होतं. एका दिवाळीला पॅकिंग विभागातल्या मंडळींनी गंमत म्हणून लाल फीत बांधलेली नवीकोरी केरसुणी त्यांच्या टेबलावर ठेवली. आम्ही सगळे आपापल्या कॉम्प्युटरच्या आडून बघत होतो. बेननी ती उचलली, उलटीसुलटी करून पाहिली, बोटांनी दाबून पाहिली आणि मजला झाडायला येणाऱ्या बाईंना बोलावून देऊन टाकली. म्हणाल्या, "चांगली आहे. पण माझ्याकडे एक आहे. दोन कशाला?"

बेन जुन्या बडोद्याच्या मराठी घरातल्या. त्यांचे पणजोबा संस्थानात कसलेसे अधिकारी होते, पण त्याबद्दल त्या कधी आपणहून बोलत नसत. साठीला टेकलेल्या, उंच, किंचित पुढे वाकून चालणाऱ्या. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. स्कूटरवरून आल्या की हेल्मेट न काढताच जिना चढत आणि वर पोचल्यावर, दाराशी उभ्या असलेल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना त्याच हेल्मेटातून 'केम छो' म्हणत. ऑफिसात कालच लागलेल्या मुलालाही त्या 'तुम्ही' म्हणत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, तुमची मुलगी घरी मराठी बोलते का? मी ओशाळून सांगितलं की गुजराती, हिंदी आणि इंग्रजी, सगळं कालवून बोलते. त्यावर त्या म्हणाल्या, बोलू द्या, फक्त रागावते कुठल्या भाषेत तेवढं बघून ठेवा. घरी जाऊन मी खरोखर लक्ष ठेवलं. रागावते मराठीतच. मला उगाचच हायसं वाटलं.

मीटिंगमध्ये बसायची त्यांची एक तऱ्हा होती. पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी मन लावून ऐकत. मग हात वर करून विचारत, "माझं इथे काही काम आहे?" विचारण्यात टोमणा नसे, खरोखरची चौकशी असे. नाही म्हटलं की सगळ्यांना नमस्कार करून उठून जात. पहिल्यांदा त्यांनी हे धाकट्या शेठच्या मीटिंगमध्ये केलं तेव्हा खोलीतला पंखाही थांबल्यासारखा वाटला. धाकटे शेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव, परदेशात शिकून आलेले. ते बेनच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, अजून कोणाचं काम नाहीये का इथे? कोणी हललं नाही. सगळ्यांना जायचं होतं, तरी कोणी हललं नाही.

बडोद्याच्या वासणा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पुढे पुष्कळदा गेलो. दिवाणखान्यात चार खुर्च्या. पाचवा पाहुणा आला तर? तर मी उभी राहते, म्हणाल्या, म्हणजे पाहुणे लवकर उठतात. कपाटं अर्धी रिकामी. भिंतीवर कॅलेंडर नाही, कारण तारीख फोनमध्ये असते. एवढी काटकसर करणारी ही बाई झाडांच्या बाबतीत मात्र पार भाबडी होती. सोसायटीत कोणीही सुकलेली कुंडी खाली आणून ठेवली की बेन ती उचलून वर नेत. गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्यातली निम्मी झाडं म्हणजे नुसत्या काड्या. मी एकदा म्हटलं, बेन, ही काही जगणार नाहीत. त्या म्हणाल्या, माहीत आहे. आणि पाणी घालत राहिल्या.

आता त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं. आमची कंपनी पंप बनवते, बडोद्याबाहेर पादऱ्याच्या रस्त्यावर कारखाना आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलं. विक्री, माल, हजेरी, सगळे आकडे त्यात जातात आणि पडद्यावर तक्ते, आलेख होऊन दिसतात. त्याला डॅशबोर्ड म्हणायचं. सोय अशी की कोणालाही आपला डॅशबोर्ड बनवता येई, आणि गैरसोयही तीच. नवा अधिकारी आला की तो नवा बनवी, जुन्याला कोणी हात लावत नसे. विक्रीचे आकडे बघायला गेलं तर 'सेल्स फायनल', 'सेल्स फायनल नवीन', 'सेल्स फायनल हाच वापरा' असे एकाखाली एक येत, आणि तिन्हींत आकडे वेगळे. हे सगळे डॅशबोर्ड सर्व्हर रोज पहाटे ताज्या आकड्यांनी भरत असे, कोणी बघो न बघो. शेवटी एका सकाळी, ट्रक दारात उभे असताना, आज कुठला माल कुठे जायचा हे सांगणारा रिपोर्टच तयार नव्हता. सर्व्हर भलत्याच, कोणाला नको असलेल्या तक्त्यांची भरती करण्यात गुंतला होता. धाकटे शेठ संतापले. म्हणाले, ज्या रिपोर्टला तीन महिन्यांत कोणी हात लावला नाही तो सरळ उडवा. आणि ते काम हिशेब तपासणी विभागातून बेनना बोलावून त्यांच्याकडे दिलं.

बेननी काम घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती अशी की काहीही उडवलं नाही. त्या म्हणत, आधी बघायचं, मग विचारायचं, मग लपवून ठेवायचं आणि कोण हाका मारतं त्याची वाट बघायची. पुसायचं ते सगळ्यात शेवटी. पहिला रिपोर्ट त्यांनी लपवला तो स्वतःचा. ऑडिटमध्ये असताना मोठ्या हौसेने बनवलेला. महिनाभर कोणी हाक मारली नाही. तो पुसताना त्या मला म्हणाल्या की रंग मात्र छान निवडले होते हो मी.

कोणता रिपोर्ट किती जणांनी उघडला याची नोंद सॉफ्टवेअरच ठेवतं, पण नोंदीवर त्यांचा पुरता विश्वास नसे. आमच्याकडे सगळ्यात जास्त पाहिला जाणारा डॅशबोर्ड निर्यातीचा होता. रात्रंदिवस, रविवारी, सणासुदीला, सतत कोणी तरी तो बघत होतं. निर्यातवाले छाती फुगवून फिरत. बेननी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसाची नोंद काढली. त्या दिवशी अख्खा गुजरात पतंग घेऊन गच्चीवर असतो, आणि त्या दिवशीही हा डॅशबोर्ड बघणं चालूच. बेन म्हणाल्या, "उत्तरायणाला रिपोर्ट बघतो तो माणूस नव्हे." मग त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन इमारतभर हिंडल्या. पाहुण्यांसाठी म्हणून केलेली आणि केव्हाच बंद पडलेली एक खोली निघाली. आत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्यामागे भिंतीवर एक टीव्ही, निर्यातीचे आलेख खुर्च्यांच्या पाठींना दाखवत बसलेला. बेन क्षणभर त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. बिचारा, म्हणाल्या, आणि बटण बंद केलं.

याच्या उलटही व्हायचं. हजेरीचा एक रिपोर्ट महिनोन्महिने कोणी उघडलेला नव्हता. त्यांच्या हाताखालचा तरुण इंजिनियर तो काढून टाकायला निघाला. बेननी कारखान्यात जाऊन चौकशी केली तर शिफ्टचे सुपरवायझर घाबरलेच. नवरात्रात रात्रपाळीला कोण येईल आणि कोण गरब्याला पळेल याचा अंदाज त्यांना त्याच रिपोर्टवरून येत असे. नऊ रात्री कारखाना त्याच्यावर चाले आणि मग तो वर्षभर झोपे. इंजिनियर म्हणाला, पण बेन, वर्षातून एकदाच. बेन म्हणाल्या, गणपतीचा पाट पण वर्षातून एकदाच लागतो, म्हणून कोणी जाळतं का?

मग त्या आमच्या विभागात आल्या.

आमचा विभाग विक्रीच्या नियोजनाचा, आणि माझं काम रोजच्या सकाळच्या रिपोर्टांचं. गुजरात-महाराष्ट्रातल्या सगळ्या डेपोंचे आकडे घ्यायचे, गावांच्या नावांची चुकलेली स्पेलिंगं सुधारायची, आकडे जुळवायचे, डॅशबोर्डावर चढवायचे आणि आठच्या आत सगळ्यांना मेल पाठवायचा. त्यासाठी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हरणीतल्या घरून अंधारातच निघत असे. मुलगी शाळेला जाताना कशी दिसते हे मला फक्त फोटोंवरून माहीत होतं. पण मला या कामाचा अभिमान होता. माझे वडील खानदेशातून इथल्या रिफायनरीत नोकरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकदाही उशिरा पोचले नाहीत. तेच माझ्यात उतरलं होतं.

बेन येणार म्हटल्यावर आमचे मॅनेजर सावध झाले. त्यांनी फतवा काढला की रोज सकाळी दहाच्या ठोक्याला प्रत्येकाने आपल्या विभागाचे सगळे रिपोर्ट एकदा उघडायचे, म्हणजे नोंद होईल. आम्ही उघडू लागलो. आठवड्याने बेन आल्या, खुर्ची ओढून मॅनेजरांसमोर बसल्या आणि अतिशय अदबीने म्हणाल्या की तुमच्या विभागासारखी शिस्त मी कुठे पाहिली नाही, सगळे एकाच मिनिटाला रिपोर्ट उघडतात आणि त्याच मिनिटाला बंद करतात. मॅनेजर खिडकीबाहेर बघू लागले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर बसले तर चालेल का, असं विचारलं. मी म्हटलं, मी सहाला येतो. म्हणाल्या, मग मीही सहाला येते.

आणि आल्या. बाहेर नुकतं फटफटत होतं. स्वेटरवर शाल, डोक्यावर हेल्मेट. माझ्या शेजारी स्टूल घेऊन दोन तास बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मी एका बडोद्याची चार स्पेलिंगं एक करत होतो, ते बघताना मात्र त्यांच्या तोंडून 'वा' निघालं. त्या 'वा'ने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रिपोर्ट गेले. मग त्या म्हणाल्या, चला, चहा घेऊ.

फाटकाबाहेरच्या लारीवर, म्हणजे चहाच्या हातगाडीवर, आम्ही उभे होतो. चहा हातात आला. मग म्हणाल्या, "तुमचं काम फार स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ काम मी या कंपनीत दुसरं पाहिलं नाही. पण ते कोणी बघत नाही."

मला वाटलं त्या एखाद्या रिपोर्टबद्दल बोलताहेत. मी विचारलं, कुठला?

"सगळेच. डेपोवाले मेल उघडत नाहीत. वरचे लोक दुसराच डॅशबोर्ड बघतात. मी प्रत्येकाला जाऊन विचारलं. नोंद जितकी मागे नेता आली तितकी मागे गेले. कित्येक वर्षांत कोणी बघितलेलं नाही."

मला आधी राग आला. ही बाई दोन तास शेजारी बसली, वा म्हणाली, आणि हे तिला आधीच माहीत होतं. मी तसं बोललोही. त्या म्हणाल्या, हो, माहीत होतं, पण जे बंद करा म्हणून सांगायचं ते एकदा होताना बघायला नको का? रागाच्या मागून भीती आली. रिपोर्ट नको तर मी कशाला? चाळिशीला आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? अंधारात उठून मी इतकी वर्षं जी धावपळ केली तिचं काय? हे मात्र मी बोललो नाही. चहा तसाच गार झाला. बेननी तोही ओतून दिला नाही, मी पिईपर्यंत उभ्या राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं की हुकूम मी देणार नाही. पंधरा दिवस पाठवणं थांबवून बघायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. हाक आली तर मी स्वतः पुन्हा सुरू करून देईन.

मी दोन रात्री नीट झोपलो नाही. बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते. ती म्हणाली, तपासून झाल्यावर कोणी उघडणारच नाही अशा वह्या मला दिल्या तर मी एक दिवसही तपासणार नाही. तिसऱ्या दिवशी मी बेनना जाऊन हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मी सवयीने सहालाच ऑफिसात जाऊन बसलो. आठ वाजले. मेल गेला नाही. वाटत होतं, आता फोन वाजेल. नऊ झाले, दहा झाले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडा गेला आणि कोणाला पत्ता नव्हता. खरं सांगतो, आपल्यावाचून काही अडत नाही हे असं रोज थोडं थोडं कळणं फार जड जातं.

दुसऱ्या आठवड्यात सुरतच्या डेपोतून फोन आला. तिथले एक जुने कारकून होते, आवाजाने तेवढे ओळखीचे. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मेल येत नाही म्हणून त्यांना काळजी वाटली होती. माझा जीव भांड्यात पडला. एक तरी वाचक होता. मी विचारलं, त्यातला कुठला आकडा तुम्हाला लागतो? ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "आंकडानी तो खबर नथी, भाई. पण तमारो मेल आवे एटले हुं नाहवा जाऊं."

म्हणजे आकड्यांचं काही ठाऊक नाही, पण माझ्या मेलची घंटी फोनवर वाजली की ते आंघोळीला जात. इतकी वर्षं. मला असं हसू फुटलं की आवरेना. तिकडून तेही हसू लागले. बेनना सांगितलं तेव्हा त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, त्यांना गजर लावायला शिकवा. मी फोनवरून शिकवला. त्या संध्याकाळी घरी जाताना मला इतकं हलकं वाटत होतं की त्याचं कारण मला रस्ताभर शोधूनही सापडलं नाही.

पण गोष्ट तिथे संपणारी नव्हती. मॅनेजरांना कळलं तेव्हा ते उखडले, आणि प्रकरण धाकट्या शेठपर्यंत गेलं. बेनबरोबर मलाही बोलावणं आलं. मॅनेजर म्हणाले, बेनच्या हिशेबाने रिपोर्ट नको असतील तर मग ही जागाही नको, तीही काढा. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. मी समोरच बसलो होतो. धाकट्या शेठनी बेनकडे पाहिलं. त्या दिवशी बेननी आपलं इथे काम आहे का हे विचारलं नाही.

"मला रिपोर्ट बघायला सांगितलं होतं, माणसं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कोणी वाचत नसलेला रिपोर्ट इतकी वर्षं चूक न करता, वेळेच्या आत दिला. अशा माणसाच्या हातात वाचला जाणारा रिपोर्ट द्या, मग बघा. ट्रक थांबले होते त्या दिवशी हेच तिथे असते तर थांबले नसते."

मग धाकट्या शेठनी मला विचारलं, डिस्पॅचचं, ट्रक रवाना करायचं काम बघाल का? मी हो म्हटलं. आवाज नीट निघाला नसावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा हो म्हटलं.

बाहेर आल्यावर मी बेनचे आभार मानू लागलो. त्यांनी थांबवलं. मी जे होतं तेच सांगितलं, म्हणाल्या, आणि जिन्यावरून खाली गेल्या.

बेन नंतर वर्षभराने निवृत्त झाल्या. निरोप समारंभात पुष्पगुच्छ नको, दोन फुलं द्या म्हणाल्या, आणि भाषण न करता फक्त सगळ्यांना नावानिशी हाक मारून नमस्कार केला. आता सकाळी सोसायटीतल्या बायकांच्या फोनमधले नको असलेले फोटो काढून देतात. आधी विचारतात, मगच काढतात. मी मुलीला घेऊन गेलो होतो तर तिच्या हातात एक वाळकी कुंडी देऊन म्हणाल्या, जगली तर तुझी. ती जगली नाही, पण मुलगी महिनाभर तिला पाणी घालत होती.

पण त्यांचं नाव निघालं की मला आठवतो तो डिस्पॅचमध्ये गेल्यावरचा पहिला महिना. तिथे सगळं साडेआठला सुरू होत असे, म्हणून मी उजाडल्यावर उठत होतो, मुलीची वेणी घालायला शिकत होतो. एक दिवस माझ्याकडून एका ट्रकचं वजन रिपोर्टात चुकीचं टाकलं गेलं. नाशिकच्या डेपोच्या मॅनेजरांचा फोन आला. ते मराठीत बोलत होते आणि बोलणं असं की दोन टेबलं सोडूनही ऐकू जावं. आकडा असा कसा टाकता, डोळे आहेत की नाहीत, इथे हमाल खोळंबलेत, तुमच्या रिपोर्टवर भरवसा ठेवून बसलो आम्ही. मी माफी मागितली, आकडा सुधारला, ट्रक सोडवला. फोन ठेवला तेव्हा कान गरम झाले होते. मी तसाच उठलो आणि बेनच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. सांगितलं, मला एकाने फार सुनावलं.

"फार?"

"फार."

बेननी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या की जणू मला बढती मिळाली होती. शिपायाला बोलावून, अर्धा-अर्धा नव्हे, दोन पूर्ण कप चहा मागवला.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायको स्वयंपाकघरात होती. मी चपला काढता काढता तिला सांगितलं की आज मला ऑफिसात एका माणसाने भरपूर बोलून घेतलं. ती हातातलं लाटणं तसंच धरून बाहेर आली, चेहरा उतरलेला. मग काय केलंत, तिने विचारलं.

मी म्हटलं, काय करणार? बरं वाटलं.